सही खरी, पण तारीख कोणाच्या घड्याळातली?

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला मी घराजवळच, तारापूर एमआयडीसीतल्या एका कंपनीत इंटर्न होतो. घर दांडीला, त्यामुळे जाणं-येणं सोपं. काम अगदी साधं: रिपोर्टची पीडीएफ बनवायची, साहेबांचा यूएसबी टोकन लॅपटॉपला लावायचा, साहेब पिन टाकणार, डिजिटल सही होणार.

एका सोमवारी लक्षात आलं की एक रिपोर्ट शुक्रवारीच सही होऊन जायला हवा होता. साहेब शांतपणे म्हणाले, "अरे, लॅपटॉपचं घड्याळ तीन दिवस मागं घे." मी घेतलं. सही झाली. फाइल उघडून बघितली तर तारीख शुक्रवारची आणि शेजारी हिरवी टिक. मग घड्याळ परत जागेवर आणलं. सगळं मिळून दोन मिनिटं लागली नसतील.

टोकन खरा, सही खरी, सही करणारे साहेबही खरे. खोटी होती ती फक्त तारीख. आणि ती खोटी आहे हे त्या फाइलवरून कोणालाच सांगता आलं नसतं. तेव्हा मला गंमत वाटली होती. आता हेच काम रोज कोडमध्ये करतो आणि त्या दोन मिनिटांची आठवण आली की गंमत वाटत नाही.

हे आत्ता का सांगतोय? डिसेंबर २०२५ मध्ये राज्याच्या महसूल विभागानं महाभूमी पोर्टलवरून १५ रुपयांत मिळणाऱ्या डिजिटल सातबाऱ्याला कायदेशीर मान्यता देणारा निर्णय काढला. डिजिटल सही, क्यूआर कोड आणि १६ अंकी पडताळणी क्रमांक असलेला उतारा सरकारी कामाला, बँकेत आणि कोर्टात चालणार. तलाठ्याच्या सही-शिक्क्यासाठी खेपा मारायची गरज नाही. निर्णय चांगलाच आहे. पण कागदाची जागा फाइल घेत असेल, तर कागदावरच्या शिक्क्याला आपण विचारायचो ते सगळे प्रश्न फाइललाही विचारायला हवेत. त्यातला एक प्रश्न आपण विचारतच नाही: ही तारीख कोणी टाकली?

डिजिटल सही काय सांगते आणि काय नाही

डिजिटल सही म्हणजे पीडीएफवर दिसणारं नाव किंवा टिक नव्हे. ते नुसतं चित्र. खरी सही फाइलच्या पोटात असते. सॉफ्टवेअर आधी अख्ख्या फाइलचा हॅश काढतं. हॅश म्हणजे फाइलच्या अंगठ्याचा ठसा. शा-२५६ ही पद्धत वापरली तर फाइल दोन पानांची असो वा दोन हजार, ठसा ६४ अक्षरांचाच येतो, आणि फाइलमध्ये एक स्वल्पविराम बदलला तरी ठसा पूर्ण वेगळा येतो. हा ठसा टोकनमधल्या गुप्त किल्लीनं सही केला जातो. ती किल्ली अमुक माणसाचीच आहे हे सांगणारं सर्टिफिकेट परवानाधारक सर्टिफाइंग अथॉरिटी देते. या सगळ्या अथॉरिटींच्या वर केंद्र सरकारचा नियंत्रक, म्हणजे सीसीए, बसलेला असतो. हा सगळा डोलारा माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० वर उभा आहे.

यातून दोन प्रश्नांची पक्की उत्तरं मिळतात. सही कोणाच्या किल्लीनं झाली? आणि त्यानंतर फाइल बदलली का? तिसऱ्या प्रश्नाचं, म्हणजे सही केव्हा झाली याचं, उत्तर सही देत नाही. तिथं जी वेळ दिसते ती साधारणपणे सही करणाऱ्याच्या मशीनच्या घड्याळातली असते. ते घड्याळ पुढं-मागं करणं किती सोपं आहे, हे मी वर सांगितलंच.

तारीख पक्की नसली की आणखी दोन अडचणी उभ्या राहतात.

पहिली, सर्टिफिकेटची मुदत. टोकनवरचं सर्टिफिकेट जास्तीत जास्त तीन वर्षं चालतं. आधारच्या ओटीपीवर जी ई-साइन होते, तिचं सर्टिफिकेट तर फक्त ३० मिनिटांचं असतं. म्हणजे दुपारी बाराला ई-साइन केलेला करार एक वाजता उघडला, तेव्हा सर्टिफिकेट संपलेलं आहे. सही त्या अर्ध्या तासातच झाली, हे सिद्ध कसं करणार?

दुसरी, चोरी. समजा मंगळवारी कोणाचा टोकन पिनसकट चोरीला गेला आणि बुधवारी सर्टिफिकेट रद्द झालं. चोर घड्याळ सोमवारवर नेऊन सही करू शकतो. उलटंही होतं. मालकानं सोमवारी खरोखर केलेल्या सहीवरही "ही चोरीनंतरची नाही कशावरून?" असा संशय येतो. हा प्रश्न एका टोकनपुरता नसतो. जुलै २०१४ मध्ये एनआयसीच्या सर्टिफाइंग अथॉरिटीकडून गुगलच्या डोमेनची बनावट सर्टिफिकेटं निघाल्याचं गुगलच्या लक्षात आलं. २ जुलैला ते कळलं आणि लगेच, ३ जुलैला, सीसीएनं एनआयसीची मधली सर्टिफिकेटं रद्द केली. ते प्रकरण वेबसाइटच्या सर्टिफिकेटचं होतं, पण धडा सगळ्यांना लागू आहे. वरची साखळीच तुटली, तर आधीचं काय आणि नंतरचं काय हे वेगळं करायला पक्की तारीख लागते.

आमच्या किनाऱ्यावर तारीख म्हणजे पैसा

पुण्या-मुंबईच्या मित्रांना हे सगळं पुस्तकी वाटतं. दांडीत राहणाऱ्याला वाटणार नाही. नवापूर, दांडी, उच्छेळी, मुरबे हा सगळा पट्टा बघा. उत्तरेला तारापूरचं अणुऊर्जा केंद्र, पाठीमागं एमआयडीसी, बोईसरला बुलेट ट्रेनचं स्टेशन, आणि डहाणू तालुक्यात वाढवण बंदर. या बंदराला केंद्रीय मंत्रिमंडळानं १९ जून २०२४ ला मंजुरी दिली, खर्च ७६,२२० कोटी रुपये. ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरमध्ये पायाभरणीचा कार्यक्रम झाला. प्रकल्पाच्या बाजूचे असा की विरोधातले, एक गोष्ट सगळ्यांना सारखी लागू आहे. तुमचा हक्क एखाद्या तारखेच्या अलीकडे आहे की पलीकडे, यावर बरंच काही ठरतं.

२०१३ चा भूसंपादन कायदा घ्या. कलम ११ ची अधिसूचना निघाली की त्या तारखेचा बाजारभाव धरून मोबदला ठरतो, त्या तारखेनंतर जमिनीचे व्यवहार बंद होतात आणि हरकतीसाठी ६० दिवस मिळतात. वनहक्क कायद्यात जमीन १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून ताब्यात असावी लागते, आणि आदिवासीबहुल पालघर जिल्ह्यात हा प्रश्न घराघरातला आहे. किनाऱ्यावरच्या घराबद्दल वाद झाला की १९ फेब्रुवारी १९९१ ही तारीख हमखास निघते, कारण पहिली सीआरझेड अधिसूचना त्या दिवशीची.

खाडीचंही तेच. तारापूरच्या सांडपाण्याविरुद्ध अखिल भारतीय मांगेला समाज परिषद राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात गेली. जानेवारी २०२२ मध्ये न्यायाधिकरणानं शंभरावर उद्योगांवर पर्यावरण भरपाई लावली. अशी भरपाई मोजायचं केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं जे सूत्र आहे, त्यात नियम किती दिवस मोडला हा आकडा गुणला जातो. दिवस वाढले की रक्कम वाढते. मग नमुना कधी घेतला आणि रिपोर्ट कधी सही झाला, या दोन तारखा कोणाच्या घड्याळातल्या आहेत हा बारीक तांत्रिक मुद्दा उरत नाही.

नोंदणीकृत खरेदीखत असेल तर दुय्यम निबंधकाच्या नोंदीतली तारीख तुमच्या बाजूनं उभी राहते. पण मोजणीचा रिपोर्ट, लॅबचा दाखला, नोंदणी न केलेला करार, हरकतीचा अर्ज, कंपनीनं दिलेलं पत्र? यातलं आता बरंच पीडीएफमध्येच फिरतं.

टाइमस्टॅम्प म्हणजे पोस्टाचा शिक्का

जुनी माणसं महत्त्वाचं पत्र रजिस्टर्ड पोस्टानं का पाठवायची? पत्रावर तारीख आपणच लिहितो, तिला कोण विचारतं! पण पोस्टाच्या शिक्क्यावरची तारीख पोस्ट टाकतं, आणि आपल्या भांडणाशी पोस्टाचं काही देणं-घेणं नसतं.

ट्रस्टेड टाइमस्टॅम्प म्हणजे हाच शिक्का. यात तिसरा पक्ष असतो टाइम स्टॅम्पिंग अथॉरिटी, म्हणजे टीएसए. तुम्ही तिला फक्त हॅश पाठवता. ती त्याला स्वतःच्या घड्याळातली वेळ जोडते, त्या जोडीवर स्वतःची सही करते आणि ते टोकन परत देते. ते टोकन तुमच्या सहीच्या शेजारी फाइलमध्ये बसतं. मूळ कागद टीएसएला दिसतच नाही, त्यामुळे गुप्ततेचाही प्रश्न नाही. हे सगळं कसं बोलायचं याचा नियम आरएफसी ३१६१ या नावानं ऑगस्ट २००१ मध्ये आला आणि आजही तोच चालतो. भारतात परवानाधारक सर्टिफाइंग अथॉरिटी सीसीएच्या मार्गदर्शक सूचनांनुसार ही सेवा देतात. देशाची प्रमाण वेळ सांभाळते ती दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा, आपल्या अणुघड्याळांवर. सगळ्या सरकारी आणि व्यापारी कामाला हीच वेळ वापरावी असा नियमांचा मसुदा केंद्रानं जानेवारी २०२५ मध्ये काढला होता. म्हणजे वेळ कोणाची, हा प्रश्न दिल्लीतही पोचलेला आहे.

कल्पना मात्र त्याहून जुनी. स्टुअर्ट हेबर आणि स्कॉट स्टॉर्नेटा या दोघांनी १९९१ मध्ये डिजिटल कागदावर वेळ कशी कोरायची यावर निबंध लिहिला. मग टीएसएनंच लबाडी केली तर? त्यांचा उपाय मस्त होता. सगळ्या हॅशची साखळी करायची आणि तिचा एक ठसा थेट वर्तमानपत्रात छापायचा. १९९५ पासून त्यांच्या कंपनीचा असा ठसा न्यूयॉर्क टाइम्सच्या छोट्या जाहिरातींत यायला लागला. छापून घरोघरी गेलेला अंक मागाहून कोण बदलणार? २००८ मध्ये बिटकॉइनचा जो निबंध आला, त्याच्या संदर्भांत या दोघांचं नाव वारंवार येतं.

कोडमध्ये हे कसं बसतं

तुम्ही डेव्हलपर असाल किंवा कॉलेज प्रोजेक्टमध्ये पीडीएफ सही करत असाल, तर टप्पे असे:

१. आधी नेहमीची सही करा. मग हॅश काढा, पण अख्ख्या फाइलचा नव्हे, तयार झालेल्या सहीच्या बाइट्सचा. इथं निम्मे लोक चुकतात. आपल्याला "ही सही त्या वेळी अस्तित्वात होती" हे सिद्ध करायचंय.

२. या हॅशची विनंती बनवा. तिच्यात एक यादृच्छिक आकडा, म्हणजे नॉन्स, टाका, म्हणजे कोणी जुनं उत्तर परत चिकटवू शकणार नाही. टीएसएचं सर्टिफिकेटही उत्तरात मागून घ्या. विनंती एचटीटीपी पोस्टनं पाठवा.

३. उत्तर आलं की लगेच विश्वास ठेवू नका. स्टेटस तपासा, आपला हॅश आणि नॉन्स तोच आहे का बघा, टीएसएची सही तपासा आणि तिचं सर्टिफिकेट खास टाइमस्टॅम्पिंगसाठीच दिलेलं आहे याची खात्री करा.

४. टोकन सहीच्या रचनेत, सही न झालेल्या गुणधर्मांच्या भागात ठेवा. नावाला घाबरू नका. टोकनवर टीएसएची स्वतःची सही असतेच.

५. सर्टिफिकेट त्या वेळी रद्द झालेलं नव्हतं याचा पुरावा, म्हणजे ओसीएसपी किंवा सीआरएल, फाइलमध्येच साठवा. पाच वर्षांनी तो सर्व्हर असेलच असं नाही.

पायथॉनमध्ये पायहँको, जावामध्ये आयटेक्स्ट किंवा पीडीएफबॉक्ससोबत बाउन्सी कॅसल यातलं बहुतेक काम करून देतात. नुसतं समजून घ्यायचं असेल तर ओपनएसएसएलची टीएस कमांड पुरेशी आहे. सरावाला फुकट टीएसए चालेल. खऱ्या कागदाला परवानाधारकच घ्या.

आता मी केलेल्या दोन चुका. पहिली, पीडीएफमध्ये सहीसाठी जागा आधीच राखून ठेवावी लागते. मी फक्त सहीपुरती ठेवली. टोकन जोडल्यावर सगळं मिळून मावेना आणि फाइल फुटायला लागली. जागा सढळ हातानं ठेवा.

दुसरी चूक मोठी. टीएसएचा सर्व्हर बंद असला तर प्रोग्रॅम अडू नये म्हणून मी एरर गिळून टाकली आणि काम पुढं जाऊ दिलं. एका रात्री नेटवर्क गेलं. सकाळपर्यंत शेकडो फाइल टाइमस्टॅम्पशिवाय सही होऊन ग्राहकांकडे गेल्या होत्या. कुठं लाल खूण नाही, कोणाची तक्रार नाही. मला कळलं ते महिन्यानं, लॉग चाळताना. त्या तारखा आता परत मिळवता येत नाहीत, कारण टाइमस्टॅम्प मागाहून मागच्या तारखेचा लावता येत नाही. लावता आला असता तर त्याचा उपयोगच काय! तेव्हापासून नियम एकच: टोकन नाही, तर फाइल बाहेर जाणार नाही. रांगेत थांबेल.

फोन हातात असलेल्यानं काय करायचं

फोनवरच्या बहुतेक पीडीएफ ॲपमध्ये सही तपासली जात नाही, नुसतं चित्र दिसतं. त्यामुळे महत्त्वाची फाइल एकदा तरी कॉम्प्युटरवर अडोबी रीडरमध्ये उघडा. सहीवर क्लिक करून तपशिलात जा. वेळ सही करणाऱ्याच्या कॉम्प्युटरच्या घड्याळावरून घेतली आहे, अशा अर्थाची इंग्रजी ओळ दिसली तर ती तारीख म्हणजे त्या माणसाचा शब्द, बस. सहीत टाइमस्टॅम्प अंतर्भूत आहे असं दिसलं तर शिक्का पोस्टाचा आहे. तुमचा सातबाराही असाच उघडून बघा. आणि लक्षात ठेवा, प्रिंट काढली की डिजिटल सही संपली. कागदावरची टिक म्हणजे शाई. तिथं क्यूआर कोड आणि पडताळणी क्रमांकच कामाला येतो.

खाडीत मेलेले मासे दिसले, फोटो काढला. पुढं काय? १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमात, कलम ६३ खाली डिजिटल पुराव्यासोबत जो दाखला द्यायचा असतो, त्याच्या नमुन्यात हॅश आणि तो कोणत्या पद्धतीनं काढला हे लिहायची जागा आहे. म्हणून मूळ फाइल एडिट न करता जपून ठेवा. हॅश काढणारं ॲप वापरून शा-२५६ ठसा काढा. तो ठसा आणि फोटो त्याच दिवशी तक्रारीसोबत संबंधित कार्यालयाला ईमेल करा, म्हणजे तारीख तुमच्या फोनबाहेरच्या सर्व्हरवरही पडेल. हा काही टीएसएचा शिक्का नव्हे, पण नुसत्या गॅलरीतल्या तारखेपेक्षा कितीतरी बरा. व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवला तर तो दाबून लहान होतो आणि ठसा बदलतो. पाठवायचाच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

शिक्का काय करू शकत नाही

टाइमस्टॅम्प सांगतो की ही फाइल या वेळेला होती. ती त्याआधी किती दिवस पडून होती, हे तो सांगत नाही. दोन वर्षांपूर्वीच्या फोटोला आज शिक्का मारला तर तो आजचा होत नाही. आतला मजकूर खरा की खोटा, हेही त्याचं काम नाही. माझ्या त्या साहेबांनी रिपोर्टात काहीही लिहिलं असतं तरी शिक्का बसलाच असता. फक्त शुक्रवारचा नाही, सोमवारचा बसला असता. तेवढंही पुष्कळ झालं असतं.

शिक्केही म्हातारे होतात. टीएसएच्या सर्टिफिकेटलाही मुदत असते, आणि ठसा काढायच्या पद्धती मोडतात. शा-१ या जुन्या पद्धतीत दोन वेगळ्या फाइलींचा ठसा एकच येऊ शकतो, हे फेब्रुवारी २०१७ मध्ये गुगल आणि ॲमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय संस्थेनं करून दाखवलं. म्हणून दीर्घकाळ जपायच्या फाइलींवर जुना शिक्का संपायच्या आत नवा मारत राहावं लागतं. जमिनीचा कागद नातवंडांपर्यंत जातो. म्हणजे सरकारी पोर्टल चालवणाऱ्यांसाठी हे कायमचं काम आहे, एकदाच करून विसरायचं नाही.

म्हणूनच आता मागणी सरळ करायला हवी. ज्या कागदाच्या तारखेवर कोणाचा मोबदला, दंड किंवा ताबा ठरतो, त्या प्रत्येक डिजिटल सहीवर टाइमस्टॅम्प सक्तीचा असावा. मोजणी, लॅब रिपोर्ट, नोटीस, सगळ्यावर. खर्च आणि तंत्रज्ञान दोन्ही आवाक्यात आहे. वर सांगितलेले पाच टप्पे एका डेव्हलपरचं काही दिवसांचं काम आहे. ग्रामसभेत, जनसुनावणीत कोणी डिजिटल सहीचा कागद पुढं केला, की तुम्ही एवढंच विचारा: साहेब, ही तारीख तुमच्या लॅपटॉपची की टीएसएची?